आज साहेब तापलेत

नमस्कार श्रोतेहो. आज आचार्य अत्र्यांबद्दल बोलायचंय, नाटकवाल्या अत्र्यांबद्दल नाही बरं का, संपादक अत्र्यांबद्दल. सासवडजवळच्या कोडीतचा 1898 चा जन्म, पुण्यात मास्तरकी, मग नाटकं, सिनेमे, 1940 ला 'नवयुग' साप्ताहिक, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या बेळगावकरांनी दोन तारखा ध्यानात ठेवायच्या. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि 15 नोव्हेंबरला मुंबईत अत्र्यांचा दैनिक 'मराठा' निघाला. परत सांगतो, 1 तारखेला आपण तिकडं गेलो, 15 ला 'मराठा' आला.

बेळगावातल्या शहापुरात आमच्या आजोबांचा हातमाग होता. मुंबईचा 'मराठा' हातात पडेपर्यंत दुसरा दिवस उजाडायचा. गल्लीत अंक एकच. माग थांबवून आजोबा तो मोठ्यानं वाचायचे, आजी कांड्या भरत ऐकायची. (मी तर म्हणतो घरात पेपर मोठ्यानं वाचायची पद्धत परत आली पाहिजे, पोरांची मराठी त्यानंच सुधारते, क्लासच्या फिया भरून नाही.) आजीला अक्षरओळख नव्हती, पण मथळा केवढा आहे ते बघून सांगायची, "आज साहेब लई तापलेत." आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी तापायचे ते बऱ्याचदा नेहरूंवरच. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, आपण मात्र बाहेरच राहिलो, तेव्हापासून आजोबांनी नेहरूंचं नावच टाकलेलं.

मग 27 मे 1964. नेहरू गेले. आजोबा गप्प. 'मराठा' आला, त्यात अत्र्यांनी नेहरूंवर असं काही जीव ओतून लिहिलेलं की वाचता वाचता आजोबांचा गळा दाटला, पुढची ओळ निघेना. आजीनं कांडी खाली ठेवली.

"अवो, ह्याच माणसानं त्यास्नी एवढं झोडपलं नव्हं?"

"झोडपलं ते आपल्यासाठी. माणूस मोठाच होता की गं."

त्या दिवशी माग चालला नाही. आणि अत्रे एका लेखावर थांबले नाहीत, पुढं कितीतरी दिवस नेहरूंवरच लिहीत राहिले, आजोबा रोज वाचत राहिले. भांडावं तर असं आणि रडावं तर असं, संपादक म्हणून मला अत्रे मोठे वाटतात ते ह्याच्यासाठी.

13 जून 1969 ला अत्रे गेले. तो अंक आला तेव्हा आजीनंच आधी हातात घेतला, मथळ्यावरनं बोट फिरवलं आणि आजोबांच्या पुढ्यात धरून म्हणाली, "वाचा. मोठ्यानं वाचा."