गळा बसला आणि कान उघडले

या या, बसा, मागे अजून खुर्च्या आहेत. तर विषय मला दिलाय ‘सर्जनशीलता आणि मनाचा मोकळेपणा’, आणि मी पडलो पेटीवाला, मानसशास्त्र वगैरे माझा प्रांत नाही. त्यामुळे मी बोलणार ते गाण्याबद्दलच, आणि सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतो, म्हणजे पुढे थोरामोठ्यांबद्दल काही बोललो तर तुम्ही सांभाळून घ्याल.

माझ्याकडे एक मुलगी पेटी शिकायला येते, अकरा वर्षांची. भूप राग चाललेला. पट्टी पांढरी एक, म्हणजे सा पहिल्या पांढरीवर. आता भूपात मध्यम नाही आणि निषादही नाही, म्हणजे म आणि नी वर्ज्य, हे तर पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं. तर ही पोरगी पंचमावरून गंधारावर, म्हणजे प वरून ग वर, येत होती आणि वाटेत तिचं बोट काळी तीनला घासलं, म्हणजे तीव्र मध्यम, नुसता पुसटसा लागला आणि गेला. मी लगेच, थांब, चुकलं, परत. परत तेच. मग ती म्हणाली, सर पण छान वाटलं ना? मी म्हटलं छान वाटायचा प्रश्नच नाही, भूपात नाही म्हणजे नाही. ती गप्प. मी खूश, शिस्त लावली म्हणून.

घरी गेलो, जेवलो, पेटी काढली आणि सहज ते वाजवून बघितलं. पंचमावरून खाली येताना तीव्र मध्यमाचा स्पर्श. अहो, ती शुद्ध कल्याणची वाट होती! चढताना भूप आणि उतरताना मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत येताना, तो निषाद आणि तो तीव्र मध्यम, हेच तर शुद्ध कल्याणात असतं. पोरगी नकळत एका रागातून दुसऱ्या रागाच्या उंबऱ्यावर पोचली होती आणि मी तिला ओढून परत आणलं. आता भूप म्हणून ते चूकच, त्यात मी मागे हटणार नाही. पण ‘चूक’ हा एकच शब्द माझ्याकडे होता त्या दिवशी, बाकी कप्पे बंद.

मग मी विचार करायला लागलो की ज्यांनी आपल्या गाण्यात खरंच नवीन काही केलं त्यांचं काय होत होतं. आणि एक गंमत दिसली, तुम्ही ताडून बघा. गवई अल्लादिया खाँसाहेब, कुमारजी म्हणजे कुमार गंधर्व, आणि किशोरीताई आमोणकर. तिघांचाही आवाज मध्ये कधीतरी बंद पडलाय.

खाँसाहेबांचं आपल्या कोल्हापूरकरांना काय सांगायचं, शाहू महाराजांच्या पदरी होते ते. जन्म १८५५, गेले १९४६ ला. तरुणपणी एका दरबारात इतकं गावं लागलं, इतकं गावं लागलं की आवाजच बसला. परत आला तेव्हा तो पहिला गोड आवाज राहिलेला नव्हता, जाड झालेला. आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता संपलं आपलं. यांनी काय केलं, त्या नव्या आवाजाला झेपेल, शोभेल असं गाणं रचलं, लयीच्या आत वळणं घेणारी ती पेचदार तान, ते अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे राग, आज आपण ज्याला जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो ते. म्हणजे जे घराणं पुढे सगळ्यात कडक म्हणून गाजलं त्याच्या मुळाशी एक माणूस आहे ज्याला आपलं आधीचं गाणं सोडावं लागलं. मला नेहमी वाटतं, घराण्याला कुलूप लावतात ते शिष्य. मूळ पुरुषाला कुठली एवढी चैन!

कुमार गंधर्व तर लहानपणी चमत्कारच होते, मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गाऊन दाखवायचे. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले. मास्तर विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पण त्यांच्या शाळेत सगळ्या घराण्यांचे गवई येऊन जायचे आणि मास्तर ऐकायचे, लिहून घ्यायचे, मुलांना ऐकवायचे. म्हणजे दार आधीपासून उघडंच. पण खरी गोष्ट पुढची. १९४७ च्या सुमाराला क्षय झाला, देवासला जाऊन राहिले, आणि डॉक्टरांनी गायला सक्त मनाई केली. काही वर्षं! नुसतं पडून राहायचं. गवयाला पडून राहा म्हणणं म्हणजे काय हे तुम्ही एखाद्या गवयाच्या बायकोला विचारा. तर खिडकीतून काय ऐकू यायचं, तर माळव्यातल्या बायकांची गाणी, फिरत्या भिकाऱ्यांची भजनं. चार-पाच सुरांची गाणी. आपल्यातला कोणी म्हणाला असता, लोकगीत आहे, ठीक आहे. हा माणूस ऐकत राहिला, त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी ती गाणी गोळा केली, आणि कुमारजींना त्या चार सुरांत रागाचं बी दिसायला लागलं. त्यातून ते धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले राग आले, मालवती, लगनगंधार, सहेली तोडी असे. पुढे एका फुप्फुसावर गायले, श्वास पुरायचा नाही म्हणून छोटे छोटे तुकडे, आणि मधली शांतता. आता ती शांतता लोकांनी शैली म्हणून उचलली, दोन्ही फुप्फुसं ठणठणीत असलेल्यांनी सुद्धा.

किशोरीताईंचं मी भराभर सांगतो. आई मोगूबाई, म्हणजे खाँसाहेबांची शिष्या, तालीम किती कडक असेल बघा. त्यातही ताई अंजनीबाई मालपेकरांकडे शिकल्या, त्या भेंडीबाजार घराण्याच्या. मग ऐन पंचविशीत आवाज गेला. गाणं बंद. नंतर ज्या परत आल्या त्या जयपूरची ती पेचदार तान ठेवून आलापात खोल खोल जाणाऱ्या ताई, आणि जयपूरवाल्यांनीच ओरड सुरू केली की हे आमचं नाहीच.

आता माझं म्हणणं असं की गळा चालू असतो तोवर माणूस टाळ्या मिळतात तेच गात राहतो, मग कानाची गरजच काय. गळा बसला की ऐकण्याशिवाय काही उरत नाही.

पण थांबा, इथे मला स्वतःलाच अडवायला पाहिजे, कारण केसरबाई केरकर आहेत ना! गोव्यातल्या केरीच्या, जन्म १८९२, खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम. आणि स्वभाव काय, तर आपली चीज, म्हणजे बंदिश, कोणी उचलेल म्हणून जपणार, रेकॉर्डिंगला सहजी तयार नाही, शिकवायचं म्हटलं तर हात आखडता. माझ्या थिअरीप्रमाणे त्यांचं गाणं वाळून जायला हवं होतं. आणि ऐका त्यांचं, काय वाळलंय? एक श्वास, त्याच्यात तान कुठे सुरू झाली आणि कुठे वळली, कळत नाही. आणि नियतीचा विनोद बघा, १९७७ ला व्हॉयेजर यानांवर जी सोन्याची तबकडी पाठवली त्यात आपल्याकडचं गाणं कुणाचं, तर केसरबाईंचं, भैरवी, ‘जात कहाँ हो’. जी बाई शेजारच्या खोलीतल्याला ऐकू देईना तिचं गाणं आता ताऱ्यांमधल्या अवकाशात गेलंय. त्यामुळे बंद असणं वाईटच असं मी म्हणू शकत नाही. लोणचं मुरायला बरणी बंद लागतेच. फक्त आत आधी काहीतरी घातलेलं असावं लागतं, आणि केसरबाईंच्या बरणीत खाँसाहेबांनी पंचवीस वर्षं घातलेलं होतं.

रिकामी बरणी बंद करून ठेवली की काय होतं ते आम्ही पेटीवाल्यांनी भोगलंय. १९४० ला आकाशवाणीनं, म्हणजे सरकारी रेडिओनं, पेटीवर बंदी घातली, १९७१ पर्यंत. कारण काय, तर बारा स्वर ठोकून बसवलेले, मींड येत नाही, श्रुती म्हणजे दोन सुरांमधले बारीक सूर येत नाहीत. आता खरं सांगू? कारण चूक नव्हतं. मींड नाहीच येत. पण तीस वर्षं तो मुद्दा तसाच ठेवला, आणि बाहेर मैफलीत, नाटकात, भजनात पेटी वाजतच होती, आमचे लोक भात्याच्या दाबानं, बोटाच्या सरकवण्यानं मींडेचा भास आणायला शिकत होते. स्टुडिओत बसलेल्याला ते कळायला रस्ता नव्हता, कारण आत येऊ देतच नव्हते.

बरं, त्या पोरीचं राहिलं. पुढच्या आठवड्यात आली, मी म्हटलं, त्या दिवशीसारखं वाजव गं, पंचमावरून ये, ती काळी लागू दे. तिनं वाजवलं. स्वच्छ भूप. परत वाजव म्हटलं, परत स्वच्छ. म्हणाली, सर, आता नाही लागत, मी रोज घासून घासून काढून टाकलं ते. आणि आईसुद्धा म्हणाली छान सुधारलं म्हणून.

मग मी शुद्ध कल्याणच शिकवायला घेतला. महिना झाला, तिचं बोट त्या काळीवर जायला तयार नाही. जवळ जातं, आणि माझ्याकडे बघते.