डिंक आधी, छिन्नी नंतर

(दृश्य : पावसात भिजणारा रंकाळ्याचा काठ आणि तेथील काळा दगड.)

कोल्हापूरच्या मातीखालचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा आहे. अंबाबाईच्या देवळातले खांब याच दगडाचे आहेत. ट्रायलोबाइट मात्र या दगडात सापडणे शक्य नाही, कारण समुद्रतळावर वावरणारे हे संधिपाद प्राणी सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच पृथ्वीवरून नाहीसे झाले होते आणि कोल्हापूरचा दगड तयार झाला, तेव्हा त्यांना जाऊन १८ कोटींहून अधिक वर्षे लोटली होती. म्हणूनच आपण पुढे ज्यांना पाहणार आहोत, त्या निवृत्त शिक्षकांना आणि त्यांच्या चार विद्यार्थ्यांना ट्रायलोबाइटच्या शोधात थेट हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यापर्यंत जावे लागले.

(दृश्य : उघडी, करडी डोंगरउतार, खाली नदी.)

येथे झाड नाही, गवत नाही आणि पावसाळ्यातही पाऊस जेमतेम पडतो. त्यामुळे खडकांचे थर एखाद्या वहीच्या पानांसारखे उघडे दिसतात. या खोऱ्यातील लिपाक आणि पो या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या शैलसमूहांत कार्बोनिफेरस काळातील, म्हणजे सुमारे ३५ कोटी ९० लाख ते २९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या काळातील, सागरी गाळ आहे. हेन्री हेडन या भूशास्त्रज्ञाने स्पितीच्या भूरचनेवरील आपला ग्रंथ १९०४ मध्ये प्रसिद्ध केला आणि लिपाकच्या थरांतील शिंपल्यांसोबत फिलिप्सिया या ट्रायलोबाइटचीही नोंद झालेली आहे. त्या काळापर्यंत ट्रायलोबाइटचे बहुतेक गण संपलेले होते. प्रोएटिडा हा गण तेवढा तग धरून राहिला होता. त्यामुळे येथे मिळणारा प्रत्येक तुकडा हा एका मावळत्या घराण्याचा आहे.

आता कॅमेरा जेथे थांबला आहे, तेथे नीट पाहावे. करड्या शेलच्या, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकाच्या, पाटीवर अंगठ्याच्या नखाएवढा, अर्धगोल, आडव्या रेघांचा एक ठसा आहे. हा प्राण्याचा पुच्छभाग आहे. मधला उंच कणा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे उतरते भाग, असे जे तीन उभे पट्टे दिसतात, त्यांवरूनच ट्रायलोबाइट हे नाव आले आहे. बहुतेक वेळा आपल्याला मेलेला प्राणी सापडत नाही, तर त्याने टाकलेली कात सापडते. वाढताना तो आपले कठीण कवच अनेकदा टाकून देत असे, आणि टाकताना डोके, गालांचे तुकडे व शेपूट वेगळे होत. डोक्यापासून शेपटापर्यंत, मधल्या नऊ खंडांसह अखंड प्राणी मिळणे म्हणूनच दुर्मीळ असते.

(दृश्य : छिन्नीच्या टोकाशेजारी शेलचा पापुद्रा सुटतो.)

हा दगड हातात घेताच भुगा होतो. रात्री भेगांतले पाणी गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि भेग रुंदावते. दिवसा बर्फ वितळते आणि पाणी आणखी आत शिरते. त्यात हिमालय घडताना या थरांना ज्या घड्या पडल्या, त्यामुळे शेल थराच्या रेषेत फुटण्याऐवजी अनेकदा आडवाच फुटतो आणि ती फूट जीवाश्माच्या मधून जाते. अशा दगडावर हातोडी मारून ‘स्वच्छ’ नमुना काढण्याचा मोह अनेकांना होतो. आमच्या मते जीवाश्मांचे सर्वांत मोठे नुकसान याच मोहाने होते, आणि ते कधीही भरून निघत नाही.

सरांची पद्धत याच्या उलट आहे. एक विद्यार्थिनी उत्साहाने पाटी उचलू लागते, तेव्हा ते म्हणतात, “हात लावू नको गं, आधी त्याला डिंक पिऊ दे.”

ते ज्याला डिंक म्हणतात, ते पॅरालॉइड बी-७२ नावाचे अॅक्रिलिक राळेचे द्रावण आहे. शंभर मिलिलिटर अॅसिटोनमध्ये पाच ग्रॅम दाणे टाकून बाटली रात्रभर ठेवली, की ते पाण्यासारखे पातळ होते. ते ड्रॉपरने थेंबाथेंबाने जीवाश्माच्या कडेला सोडायचे, थेट त्याच्यावर नव्हे. भेग स्वतःच ते आत ओढून घेते. दगड ओला असेल, तर पांढरट साय धरते, म्हणून सकाळचा दव उडेपर्यंत कोणीही बाटली उघडत नाही. उन्हात आणि वाऱ्यात अॅसिटोन इतक्या लवकर उडते की राळ आत मुरण्याऐवजी वरच साचते, म्हणून दोन विद्यार्थी छत्री धरून उभे आहेत. कोल्हापूरच्या पावसासाठी घेतलेली ही छत्री स्पितीत सावलीसाठी कामाला आली आहे. पहिला थर वाळला की दुसरा, आणि दुसरा वाळला की तिसरा. एका ठशासाठी दीड तास गेला, तरी सर घड्याळाकडे पाहत नाहीत. क्षणात चिकटणारा गोंद ते शक्यतो टाळतात, कारण तो पुढे सहजासहजी काढता येत नाही. ही राळ मात्र वीस वर्षांनीही अॅसिटोनने विरघळवून काढता येते आणि नव्या अभ्यासकाला नमुना पुन्हा मोकळा करता येतो.

छिन्नीची पाळी त्यानंतर येते. सरांच्या पिशवीतील दोन अरुंद छिन्न्या शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्यात घासून घेतलेल्या आहेत आणि टोकदार सळ्या हुपरीच्या चांदी कारागिराकडून आणलेल्या आहेत. जीवाश्माभोवती चार बोटे जागा सोडून खाच पाडली जाते आणि आजूबाजूच्या दगडासह पाटी उचलली जाते. पाटी दुभंगली, तर दोन्ही अर्धे घ्यावेच लागतात. कवच एका अर्ध्याला चिकटते आणि त्याचा साचा दुसऱ्यावर राहतो, आणि कवच झिजून गेलेले असले, तर त्या साच्यातूनच रबराचा ठसा घेऊन प्राण्याचे रूप परत मिळवता येते. मग टिश्यू पेपर, त्यावर अॅल्युमिनियमची फॉइल, आणि फॉइलवर क्रमांक, थर, ठिकाण व तारीख. तो थर नोंदलेला नसेल, तर सर त्या नमुन्याला नुसता दगड म्हणतात, आणि आम्हालाही ते पटते.

(दृश्य : कोल्हापुरातील खोली, खिडकीबाहेर जुलैचा पाऊस.)

हिमालयाच्या कोरड्या हवेत सुखरूप राहिलेला शेल कोल्हापूरच्या पावसाळ्यात वेगळ्या संकटात सापडतो. त्यातील चिकणमाती ओल घेऊन फुगते, आणि दगडात पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे कण असतील, तर हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेल्यावर त्यांचे गंधकाम्लात आणि पिवळट-पांढऱ्या भुकटीत रूपांतर होऊ लागते. मागच्या पावसाळ्यात काही नमुने असेच गेले.

आता प्रत्येक नमुना हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवला जातो. टेबलावर सूक्ष्मदर्शकाखाली तोच नखाएवढा पुच्छभाग आहे. विद्यार्थिनी सुईच्या टोकाने शेलचा एकेक कण बाजूला करते, मऊ ब्रशने झटकते आणि पुन्हा पाहते. छायाचित्रापूर्वी नमुन्यावर अमोनियम क्लोराइडचा पातळ पांढरा थर दिला जातो, ज्यामुळे दगडाचे डाग झाकले जातात आणि वरच्या डाव्या बाजूने येणाऱ्या प्रकाशात कवचावरील प्रत्येक रेघ उठून दिसते. मधल्या कण्यावरची वलये ती मोजते, वहीत आकडा लिहिते आणि खात्रीसाठी पुन्हा मोजते.

छायाचित्र झाल्यावर पांढरा थर पुसला जातो, पाटीचे दोन्ही अर्धे शेजारी शेजारी ठेवले जातात आणि डब्याचे झाकण लागते. झाकणावर तोच क्रमांक आहे, जो डोंगरावर फॉइलवर लिहिला होता.