ठिपका इथे, गळती तिथे

(दृश्य : सकाळचा उजेड. साइड स्टँडवर उभी मोटरसायकल. इंजिनाखाली पुठ्ठा, त्यावर एक काळसर, ओला ठिपका.)

रात्री हा पुठ्ठा कोरा होता. आता त्यावर शर्टाच्या बटणाएवढा ठिपका आहे आणि त्याची कड हळूहळू पुठ्ठ्यात पसरत चालली आहे.

गाडीखाली ऑइल दिसलं की माणूस खाली वाकतो, ठिपक्याच्या बरोबर वर काय आहे ते बघतो आणि जो बोल्ट दिसेल तो आवळतो. मीही तेच केलं. माझ्या गाडीत तिथे ड्रेन बोल्ट आहे, म्हणजे जुनं ऑइल काढायचा बोल्ट. तो आवळला. दुसऱ्या दिवशी ठिपका आलाच. मग त्याचा वॉशर बदलला. ठिपका आला. मग अजून जोर लावला, इतका की आटे दबल्यासारखे वाटले आणि हात आपोआप थांबला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ड्रेन बोल्ट बिचारा निर्दोष होता.

(दृश्य : इंजिनाच्या खालच्या बाजूला लोंबणारा थेंब. कॅमेरा तिथून हळूहळू वर सरकतो.)

ऑइल जिथून बाहेर येतं तिथून सरळ खाली पडत नाही. आधी ते कव्हरच्या कडेने सरकतं, बोल्टच्या डोक्याला वळसा घालतं, सांध्याच्या रेषेतून वाट काढतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला पोचल्यावर मग थेंब होऊन सुटतं. गाडी धावत असेल तर समोरचा वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून ओल दिसेल तिथून वर आणि पुढे बघायचं. साइड स्टँडची भानगड वेगळीच. गाडी डावीकडे कलते, त्यामुळे उजवीकडून निघालेलं ऑइलही इंजिनाच्या पोटाखालून फिरून डावीकडे ठिबकू शकतं. मी गाडी मेन स्टँडवर घेतली तर दुसऱ्या दिवशी ठिपका चार बोटं सरकलेला. गळती तीच, फक्त पत्ता बदलला.

आधी हे ऑइलच आहे का, तेही बघावं लागतं. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या, दोन बोटांत चोळा, वास घ्या. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं, बोटांवर गुळगुळीत. चेनवर मारलेलं वंगण चिकट, तार धरणारं. ब्रेक ऑइल फिकट असतं आणि रंगावर पडलं तर रंग उचलतं, त्यामुळे ते सापडलं तर बाकी सगळं सोडून आधी ब्रेक बघायचे. इंजिन पाण्याने थंड होणारं असेल तर रंगीत, गोडसर वासाचं कूलंटही असू शकतं. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलकट रिंगण दिसलं तर ते वेगळंच प्रकरण, इंजिनाचा त्यात काही हात नाही.

माझा ठिपका काळा होता, गुळगुळीत होता. इंजिन ऑइल.

“एवढंसं तर गळतंय,” असं म्हणून पुढे जाणारे खूप. हिशेब करून बघू. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. चालत्या गाडीतून दहा सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर तासाला १८ मिलिलिटर गेलं. माझं इंजिन १५० सीसीचं, त्यात ऑइल एक लिटरच्या आसपास. दहा तासांच्या प्रवासात पाचवा हिस्सा रस्त्यावर. आणि हा हिशेब इंजिनाच्या बाजूने झाला. हेच ऑइल मागच्या टायरवर गेलं तर वळणावर काय होईल, त्याला हिशेब लागत नाही.

(दृश्य : ब्रश, फडकी, रॉकेलचा डबा. कव्हरवरून ओघळणारं काळं पाणी.)

शोधाचं पहिलं काम म्हणजे धुणं. कंटाळवाणं आहे, पण याला आडवाट नाही. सगळंच तेलकट असेल तर नवी ओल कुठली आणि जुनी कुठली, हे कोणालाही सांगता येणार नाही. इंजिन पूर्ण थंड असताना रॉकेल किंवा डिग्रीझर लावायचं आणि जुन्या टूथब्रशने कोपरा न कोपरा घासायचा. पेट्रोलने धुऊ नका. त्याची वाफ पेटायला एक ठिणगी पुरते.

डाव्या बाजूला पुढच्या चेन स्प्रॉकेटचं, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाचं, कव्हर काढलं आणि आतून जो ऐवज निघाला तो बघण्यासारखा होता. चेनचं वंगण, धूळ, खडी आणि ऑइल यांचा मिळून झालेला काळा गोळा, जवळजवळ मुठीएवढा. त्याच्याआड तीन संशयित दडले होते : स्प्रॉकेटच्या शाफ्टचं सील (दांड्याभोवती ऑइल अडवणारी रबरी रिंग), न्यूट्रल स्विचची ओ-रिंग आणि गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील. वर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं पॅकिंग, सिलिंडरच्या ब्लॉकच्या तळाचं पॅकिंग आणि मॅग्नेट कव्हर हे आणखी तीन. एवढे सगळे उभे असताना मी दोन आठवडे ड्रेन बोल्टच्या मागे लागलो होतो.

(दृश्य : कोरड्या इंजिनावर पांढरी पावडर. डावी बाजू मैद्यात लोळवल्यासारखी दिसते.)

धुऊन, फडक्याने पुसून, तासभर सुकू दिल्यावर टाल्कम पावडर. खडूची भुकटीही चालते. जिथे ऑइल पाझरेल तिथे पांढऱ्यावर काळी रेघ उमटणार. ऑइलमध्ये मिसळायचा खास रंगही मिळतो, तो अतिनील बॅटरीच्या उजेडात पिवळाहिरवा चमकतो. अवघड जागी त्याला तोड नाही. पण पहिल्या फेरीला पावडर पुरते, असं माझं मत.

इंजिन चालू केलं. जागेवर पंधरा मिनिटं चालवलं. डोळे फाडून बघत बसलो.

काहीच नाही. पावडर जशीच्या तशी.

या जागी बरेच लोक हार मानतात किंवा गळती थांबली असं समजतात. पण जागेवर फुरफुरणारं इंजिन आणि रस्त्यावर चढाला लागलेलं इंजिन यांत फरक आहे. तापल्यावर ऑइल पातळ होतं. १०डब्ल्यू-३० प्रकारचं ऑइल ४० अंश सेल्सिअसला जेवढं दाट असतं, त्यापेक्षा १०० अंशांना साधारण सहा-सात पट पातळ. शिवाय फेरे वाढले की क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतली, हवा जास्त वेगाने धडका मारते. मग स्प्रॉकेटचं कव्हर परत लावलं, गाडी काढली, अर्धा तास चालवली, चढ घेतले, गिअर मुद्दाम भरपूर बदलले. परत येऊन इंजिन बंद केलं आणि कव्हर लगेच उतरवलं.

(दृश्य : अगदी जवळून. गिअर शाफ्ट, त्याभोवती सीलचं काळं रिंगण, खाली पांढरी पावडर.)

हे बघा. चेनने आजूबाजूला थोडी घाण उडवली आहे, पण स्प्रॉकेटच्या शाफ्टभोवतीची पावडर कोरडी आहे. न्यूट्रल स्विच कोरडा. आणि गिअर शाफ्टच्या खालच्या अर्ध्या भागात, सीलच्या आतल्या कडेला, नखाएवढी काळी कोर. लिव्हर हाताने खालीवर केला की ती चमकते, फुगते आणि तिच्यातून एक बारीक रेघ खाली निघते. ती रेघ क्रँककेसच्या सांध्याला लागते, सांध्यातून मागे जाते, पोटाखाली वळते आणि थेट ड्रेन बोल्टच्या डोक्यावर येऊन थांबते.

आता सील काय असतं ते बघू. बाहेरून पत्र्याची रिंग, तिच्यावर रबर, आत रबराचा पातळ काठ म्हणजे लिप, आणि लिपच्या मागे केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग. ही स्प्रिंग लिपला शाफ्टवर सतत दाबून धरते. रबर सर्रास वापरात येण्याआधी लिप चामड्याची असायची. जर्मन कारागीर या सीलला आजही ‘झिमरिंग’ म्हणतात, ते वाल्टर झिमर नावाच्या ऑस्ट्रियन अभियंत्यावरून.

काढायची पद्धत सोपी, धीर मात्र हवा. ऑइल काढून घेतलं. गिअर लिव्हर कुठल्या दात्यावर बसलाय त्याची खूण केली. लिव्हरचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो शाफ्टवरच्या खाचेत अडकलेला असतो. मग सीलच्या चेहऱ्यावर, शाफ्टपासून लांब, एक बारीक स्क्रू दोन-तीन आटे आत घेतला आणि पकडीने स्क्रू धरून ओढला. सील ‘पुक्’ आवाज करून बाहेर. सगळ्याच इंजिनांत असं बाहेरून निघत नाही. काहींत आतून अडवणारी कड असते आणि तिथे ओढाताण केली तर क्रँककेस फुटते. आधी गाडीचं मॅन्युअल बघावं.

जुन्या सीलची लिप नखाने दाबली. नवीन रबर नखाखाली दबतं आणि परत येतं, हे मात्र प्लास्टिकसारखं कडक झालेलं. नवीन सील जुन्यावरच्या आकड्यांवरून घ्यायचं. १२-२१-४ असं काही लिहिलेलं असतं : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये.

बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, म्हणजे आत. शाफ्टच्या टोकाचे दाते ब्लेडसारखे असतात. त्यांच्यावरून कोरडं सील सरकवलं की लिप तिथेच कापली जाते आणि नवीन सील पहिल्या दिवसापासून गळतं. म्हणून दात्यांवर पातळ टेप गुंडाळायची, लिपला ग्रीस लावायचं आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट ठेवून हळूहळू सरळ आत ठोकायचं. शाफ्टवर जुन्या लिपने चर पाडला असेल तर, जागा असल्यास, नवीन सील केसभर कमी-जास्त खोल बसवतात. मग लिप गुळगुळीत भागावर टेकते.

याऐवजी बाहेरून सिलिकॉन थापणारेही आहेत. तेलकट धातूवर ते धरत नाही आणि आतून दाब येतच असतो, त्यामुळे चार दिवसांत पापुद्रा सुटतो. कव्हरच्या पॅकिंगला दोन्हीकडून भरपूर सिलिकॉन चोपडणं तर त्याहून वाईट. जेवढं बाहेर ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळतं, तुटून ऑइलमध्ये पडतं आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. गळतं इंजिन चालेल, पण ऑइल न मिळालेलं इंजिन जाम होतं.

(दृश्य : सीट काढलेली. एअर फिल्टरचा डबा. त्याखालून गेलेली रबरी नळी.)

काम इथे संपलं असतं, पण टॅपेट कव्हरच्या कडेलाही पावडर जराशी ओलसर झाली होती. एकाच वेळी दोन जागा पाझरायला लागल्या की आतल्या दाबाचा संशय घ्यावा. एक सिलिंडरच्या १५० सीसी इंजिनात पिस्टन खाली आला की त्याच्या खालची १५० सीसी हवा दाबली जाते. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १०० वेळा. या हवेला वाट म्हणून ब्रीदरची नळी असते, क्रँककेसमधून एअर फिल्टरच्या डब्याकडे जाणारी. ती तुंबली की दाब दुसरी वाट शोधतो आणि जे सील सगळ्यात म्हातारं असेल ते आधी हात टेकतं. ऑइल पातळीपेक्षा जास्त भरलं तरी साधारण हेच दुखणं.

माझी नळी तुंबली नव्हती. डब्याखाली दुमडली होती. आणि दीड महिन्यापूर्वी फिल्टर साफ करून तो डबा परत कोणी बसवला होता? मीच.

नळी सरळ केली, चिमटा लावला. टॅपेट कव्हरचं पॅकिंग तूर्त बदललं नाही, पुसून परत पावडर मारली.

(दृश्य : तीन पुठ्ठे शेजारी शेजारी. पहिल्यावर फिकट डाग, दोन कोरे.)

पहिल्या सकाळी पुठ्ठ्यावर डाग होता. पोटात धस्स झालं. बोटांत चोळला तर पातळ, वास रॉकेलचा. कव्हरच्या कोपऱ्यात साचलेलं रात्रभर ठिबकलं होतं. दुसऱ्या सकाळी काही नाही. तिसऱ्या दिवशी गाडी भरपूर पळवून आणली, तरी पुठ्ठा कोरा आणि टॅपेट कव्हरवरची पावडरही कोरडी.

राहिला तो ड्रेन बोल्ट. गिअर शाफ्टसाठी ऑइल काढलं तेव्हा तो नेहमीपेक्षा जड फिरला, आणि त्याच्या आट्यांवर अॅल्युमिनियमची चकचकीत कूस अडकून आली. आता नवीन वॉशर लावून, मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पाना लावून बसवलाय. आज तरी धरतोय. पुढच्या वेळी ऑइल बदलताना आत नवे आटे बसवावे लागणार असं दिसतंय.