आधी गवत बघा, मग आमिष निवडा

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा झाला. पंचगंगेचं पाणी पात्रात परतलंय, गढूळपणा हळूहळू खाली बसतोय आणि बंधाऱ्यांवर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायची कामं सुरू झाली आहेत. ज्याला सगळा महाराष्ट्र ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतो, त्याची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. पावसाळ्यात बरगे काढून पूर वाहू द्यायचा, पाऊस सरला की ते परत बसवून पाणी तुंबवायचं. शेतकऱ्याला हे पाणी उसासाठी हवं असतं. गळकाठी घेऊन काठावर उभ्या राहणाऱ्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पावसाळाभर काठाला गुडघाभर वाढलेलं गवत, लव्हाळा, सगळं काही दिवसांत पाण्याखाली जातं. नाकतोडे, किडे पाण्यात पडतात. त्यांच्यासाठी बारके मासे गवतात शिरतात. आणि त्या बारक्या माशांना खायला येते ती मरळ, आपल्या नद्यांतला शिकारी मासा.

आज मला बोलायचंय ते या मरळीबद्दल, आणि दसरा-दिवाळीच्या दिवसांत गवताळ काठावर तिच्यासाठी कुठलं खोटं आमिष टाकायचं याबद्दल.

मोबाइलवर मासेमारीचे व्हिडिओ बघणारी आपली पोरं ‘बास’ हे नाव रोज ऐकतात. बास हा उत्तर अमेरिकेतला, मोठ्या जबड्याचा मासा. तो आपल्या नद्यांत नाही आणि नसलेलाच बरा. जपानमध्ये 1925 साली आशी नावाच्या सरोवरात तो मुद्दाम आणून सोडला. तिथून तो देशभर पसरला, तिथल्या मूळच्या माशांवर तुटून पडला, आणि शेवटी 2005 पासून त्याला पाळायला आणि जिवंत न्यायला कायद्यानं बंदी आली. पण त्याच्या शिकारीची रीत आणि आपल्या मरळीची रीत फार जवळची आहे. दोघंही पाठलाग करत हिंडत नाहीत, गवताच्या आडोशाला दबा धरून बसतात आणि समोरून काही गेलं की एका झेपेत गिळतात. म्हणून बाससाठी घडवलेले फ्रॉग, स्पिनर, चमचे, रबरी अळ्या आपल्याकडं मरळीला चालतात. दुकानात गेलात तर रंगीबेरंगी माल बघून डोळे फिरतात. त्यातलं काय घ्यायचं?

मी पहिल्यांदा गळ हातात धरला तेव्हा भोगावतीच्या काठावर एक भोई आण्णा होते. मी हातातली डबी उघडून विचारत होतो, यातलं कुठलं लावू. त्यांनी डबीकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “पोरा, डबीत काय बघतुयास? मासा कुटं हाय आन् त्येला काय पायजे, ते गवात सांगतंय. आदी गवात बघ.” इतक्या वर्षांत मला याहून खरं काही सापडलेलं नाही. आमिष माशाच्या जातीवर ठरत नाही, रंगावर तर त्याहून नाही. ते ठरतं समोरच्या गवतावर.

आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसतं ते केंदाळ. जांभळ्या फुलांची ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, पण आता आपल्या नदी-तळ्यांची कायमची रहिवासी. ती पाण्यावर गादीसारखी पसरते. अशा ठिकाणी उघड्या गळाचं कुठलंही आमिष टाकलं की पहिल्याच फेकीत पाला घेऊन येतं. इथं फक्त पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून, टोकं वर करून बसलेले असतात, म्हणून तो पानांवरून न अडकता घसरत येतो. मरळीनं जबड्यात धरला की पोकळ अंग चेपतं आणि टोकं उघडी पडतात. एवढीच त्याची करामत, पण काय नेमकी आहे बघा!

केंदाळात जागोजागी मोकळ्या पाण्याचे तुकडे असतात. आण्णा त्यांना ‘खिडकी’ म्हणायचे. बेडूक खिडकीत फेकायचा नाही. खिडकीच्या पलीकडं, चार-पाच हात लांब, पानांवर टाकायचा आणि हळूहळू ओढत आणायचा. पानांवरून सरकताना तो खालून कळत असतो. मरळ त्याच्याखालून चालत येते, पान हलतं, कधी देठ थरथरतो. बेडूक खिडकीच्या कडेवरून पाण्यात उतरला की थांबवा. तीन-चार सेकंद काहीच करू नका. पाण्यावरची वलयं विरली की किंचित हलवा. मारा झाला तर तिथंच होतो.

आणि मारा झाला की नव्वद टक्के लोक चुकतात ती गोष्ट म्हणजे घाई. पाणी उसळलं की हात आपोआप झटका देतो, आणि बेडूक हवेत उडून आपल्याच अंगावर येतो. मरळ अजून तोंड मिटत असते! ‘एक, दोन’ मोजा, दोऱ्याला ओढ लागू द्या, मग काठी पूर्ण ताकदीनं वर घ्या. मरळीचा जबडा हाडाचा, कडक. हलक्या काठीनं गळ त्यात रुतत नाही. त्यात ती लगेच केंदाळाच्या मुळांत घुसते. म्हणून इथं बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, कामाचा नाही. विणलेला दोरा, चाळीस-पन्नास पौंडांची ओढ सोसणारा, आणि ताठ काठी. हे शिकायला मला दोन हंगाम आणि बरेच बेडूक लागले.

केंदाळ नसेल आणि लव्हाळा, पाणकणीस उभं असेल तर प्रकार बदलतो. देठांमध्ये वाटा असतात, पण त्या उभ्या असतात. तिथं रबरी अळी किंवा रबरी मासा लावा, गळाचं टोक त्याच्या अंगातच परत खुपसून लपवलेलं, पुढं गोळीसारखं शिसं. याला टेक्सास रिग म्हणतात. देठांच्या बुंध्याशी ती सरळ खाली सोडायची, थोडी उचलायची, परत सोडायची. देठांच्या बाहेरच्या कडेनं मात्र स्पिनरबेट, म्हणजे तारेवर फिरणारं पातं असलेलं आमिष, चालवा. त्याची तार पुढं असते, गळाला गवतापासून वाचवते. पातं गोल असेल तर पाण्यात धडधड जास्त होते, म्हणून गढूळ पाण्यात गोल. लांबट, विलोच्या पानासारखं पातं गवतातून सहज निसटतं आणि चमकतं, म्हणून पाणी निवळलं की ते. सप्टेंबरच्या शेवटी गोल, दिवाळीला लांबट, असा माझा ढोबळ हिशेब. माशाला अंगाच्या बाजूनं गेलेल्या रेषेवर पाण्याची कंपनं जाणवतात. गढुळात डोळ्यांपेक्षा ती रेषा जास्त कामाला येते.

पाण्याखालचं गवत, वर दिसत नाही पण काठी खुपसली की लागतं, तिथं तारेचा आडोसा असलेला चमचा बरा. चमच्याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या जुलिओ ब्युएल नावाच्या माणसाच्या हातून जेवताना चमचा तळ्यात पडला, आणि तो डुलत खाली जाताना एक मासा त्याच्यावर झेपावला, असं सांगतात. त्यानं चमच्याचा दांडा कापला आणि गळ लावला. 1852 साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. आजही तो तसाच डुलतो.

रंगाबद्दल फार बोलत नाही. पहाटे आणि ढगाळ असताना काळा, निवळ पाण्यात पांढरा किंवा हिरवा. खालून आभाळाकडं बघणाऱ्या माशाला काळी सावलीच ठळक दिसते. बस.

एक गोष्ट मात्र व्हिडिओतून जशीच्या तशी उचलू नका. बासवाले सांगतात, पाणी गार व्हायला लागलं की मासा भुकेला होतो, आणि तपकिरी झालेलं गवत सोडा, हिरवं धरा. त्यांच्या माशासाठी ते बरोबर आहे. कुजणारं गवत पाण्यातला प्राणवायू खातं आणि बास तिथून हलतो. आपली मरळ तोंड वर काढून हवेतून श्वास घेते. कुजक्या केंदाळाखाली ती आरामात राहू शकते. पण ती ज्यांना खाते ती चिलापी आणि बारके मासे मात्र तिथून निघून जातात. म्हणून मी कुजक्या आणि हिरव्या गवताच्या शिवेवर आमिष टाकतो. मरळ कुजक्यात राहिली तरी तिचा डोळा हिरव्याकडंच असतो.

थंडीचंही तसंच. मरळ ऊबदार पाण्याची. ऑक्टोबरच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ बऱ्या, भर दुपार नको. दिवाळीनंतर गारठा पडला की उलटं होतं. पहाटे पाचला कुडकुडत जाण्यात काही नाही. नऊ-साडेनऊला ऊन काठावरच्या उथळ पाण्यावर आलं की ती तिथं येते. अशा वेळी बेडूक आणखी हळू चालवायचा, खिडकीत जास्त वेळ ठेवायचा.

आता मनातलं बोलतो. जिवंत बेडूक गळाला लावणं सोडा. भातशेतीतली कीड खाणारा हा जीव. 1987 साली सरकारनं बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, त्यामागं हीच काळजी होती. रबरी बेडूक दहा मरळींना पुरतो.

आणि पाण्यावर लालसर-नारिंगी पिलांचा पुंजका वळवळताना दिसला तर काठी खाली ठेवा. त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात. त्यांच्यावर काहीही फेकलं तरी ते मारतात, भुकेनं नव्हे, पिलांसाठी. मी लहानपणी मामाबरोबर अशी एक जोडी काढली होती. दुसऱ्या दिवशी गेलो तर पुंजका विखुरला होता आणि चिलापी त्यात तुटून पडल्या होत्या. मामा काही बोलला नाही, पण त्यानं तिथं पुन्हा गळ टाकला नाही. पावसाळा सरता सरता उशिरा घातलेली पिलं अजूनही दिसतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

तलाव, धरणं बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांकडं ठेक्यानं असतात. विचारून बसा, त्यांचं पोट त्यावर आहे. अभयारण्याच्या हद्दीत गळ नको. बंधाऱ्याच्या भिंतीवर उभं राहून कुणीही काठी टाकू नये, खालची ओढ दिसत नाही. आणि तुटलेला दोरा खिशात घालून घरी न्या. पाणकोंबडीच्या पायात गुंतलेला तंगूस मी स्वतः कापून काढलाय. ती धडपड विसरता येत नाही.

गेल्या रविवारी पावणेदहाला मी एका वळणावर उभा होतो. हिरव्या-तपकिरी केंदाळाची शीव, मधे परातीएवढी खिडकी. बेडूक कडेवरून उतरला, थांबला. पाणी फुटलं. मी मोजलं, एक, दोन, पण दोऱ्याला ओढ लागलीच नाही. बेडूक तसाच पाण्यात ठेवला. पंधरा सेकंदांनी दुसरा मारा झाला, आणि या वेळी दोरा ताठ झाला. किलोभराची असेल. ओल्या हातानं धरून गळ काढला, पाण्यात सोडली, ती शेपटीचा एक फटका देऊन केंदाळाखाली गेली. बेडकाच्या पोटात शिरलेलं पाणी पिळून काढलं आणि पुढची खिडकी शोधायला लागलो.