रिकामं पद हीच कपात

बायांनो, दादांनो, आरोग्य सेविका म्हणून मी 31 वर्षं काढली. आज बोलायचंय ते पैशांबद्दल, पण आधी एका रात्रीचं सांगते.

भातकापणी चालू होती. रात्री नऊच्या सुमाराला एका पोराला मोटारसायकलवर मध्ये धरून आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं. घोणस चावलेली. डॉक्टरांनी त्याचं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतलं. ही नळी 20 मिनिटं अजिबात हलवायची नसते. टेबलावर नळी, भिंतीवर घड्याळ आणि दारात त्याची आई, पदराचा बोळा तोंडात धरून. 20 मिनिटांनी नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं ओघळलं. गोठलंच नव्हतं, म्हणजे विष भिनलेलं. कपाटातून एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा कुप्या काढल्या, सलाईनमधून लावल्या आणि रुग्णवाहिकेत त्याचा हात धरून मी जिल्हा रुग्णालयापर्यंत गेले. पोरगं वाचलं.

आता मोजा. डॉक्टर मुक्कामी होते. कुप्या होत्या. गाडी होती, तिला ड्रायव्हर होता, टाकीत डिझेल होतं. यातलं प्रत्येक म्हणजे कुठल्या ना कुठल्या अर्थसंकल्पातली एक ओळ. त्यातली एक जरी खोडली असती, तर त्या आईला मी काय सांगितलं असतं?

आणि ओळ खोडली हे कुणी दवंडी पिटून सांगत नाही. तुमचं आरोग्य केंद्र बंद केलं, असा आदेश सहसा निघत नाही. सिस्टर निवृत्त होते, तिची जागा भरली जात नाही. शेजारच्या केंद्राच्या डॉक्टरांकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ येतो, मग ते आठवड्यातून दोनदा येतात. तरतूद कागदावर असते, पण बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधी वाटायच्या संगणक प्रणालीवर, निधी पडतो मार्च तोंडावर आल्यावर. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्र सरकारचे 60 आणि राज्याचे 40 टक्के. त्यातला एक हप्ता अडकला की कंत्राटी पोरींचे पगार थकतात. पगार नसताना उसनवारी करून कामावर येणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या येतात म्हणून केंद्र चालू दिसतं.

डॉक्टर नाहीत हे कळलं की लोक येणं सोडतात. ओपीडी घटते. मग वरून विचारणा होते, इथे रुग्णच नाहीत तर खर्च कशाला? विहिरीवरचा पोहरा काढून न्यायचा आणि म्हणायचं, गावाला तहान नाही! याचा मला फार राग येतो.

सपाटीवर 5,000 आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र, 30,000 किंवा 20,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष सरकारचाच आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा 8 टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्याला द्यावा. महाराष्ट्र त्यापासून लांब आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्याकडे सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, ही फार चांगली गोष्ट झाली. पण केसपेपर फुकट मिळाला आणि गोळी बाहेरून आणायला सांगितली, तर तो मोफतपणा दारातच संपतो.

कुणी म्हणेल, विमा योजना आहेच की. ती असावीच. पण विमा ठरावीक मोठ्या उपचारांना, आणि तोही योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात पोहोचल्यावर. त्या पोराची 20 मिनिटं विम्याने कुठे मोजली असती? खेड्यातल्या केंद्रात काय घडू शकतं ते कोकणाने पाहिलंय. डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात होते, तिथे विंचूदंशाने माणसं दगावताना पाहिली म्हणून ते उपचार शोधत राहिले. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध देऊन त्यांनी कितीतरी जीव वाचवले आणि जगाने ते मानलं.

मग आपण करायचं काय? मार्चमध्ये ओरडून हाती काही लागत नाही, पुढच्या वर्षाची मागणी खालून वर जायला दिवाळीच्या आगेमागेच सुरुवात होते. म्हणून 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभा सोडू नका. आपल्या केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती, हे लेखी मागा. औषधसाठ्याची नोंदवही बघा. एएसव्हीच्या किती कुप्या शिल्लक आहेत, हे बाईमाणसानेसुद्धा विचारावं. ठरावात ‘आरोग्य सुविधा सुधाराव्यात’ असं मोघम लिहू नका. अमुक पद अमुक महिन्यापासून रिक्त, अमुक औषध इतके दिवस नाही, असं लिहा. प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, जिल्हा परिषदेला आणि आमदारांना द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि हो, तिथल्या सिस्टरवर ओरडू नका. ती एकटी तिघींचं काम करत असते, तिला तुमच्या बाजूने घ्या.

ठरावाचा नमुना मी हाताने लिहून आणलाय, चाळीस झेरॉक्स आहेत. पदांचे रकाने रिकामे ठेवलेत. जाताना एकेक घ्या, आणि उद्या सकाळी ओपीडीच्या वेळेत केंद्रात जाऊन ते भरा.