घुं… टिक

(वरळी कोळीवाडा, सकाळ. काठावर बोटी, मागे सी लिंक.)

मे संपत आलाय. जून लागला की मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला. घरात राखून ठेवलेला माल हाच मग पावसाळ्याचा आधार. या गल्लीत म्हणूनच घराघरांत डीप फ्रीझर दिसतो.

आता या एका फ्रीझरचा आवाज ऐका.

(फक्त आवाज. घुं… टिक. शांतता. पुन्हा घुं… टिक.)

दर दोन-तीन मिनिटांनी हेच. कॉम्प्रेसर उठायला बघतो, उठत नाही, आणि ओव्हरलोड त्याची वीज तोडतो. ओव्हरलोड म्हणजे कॉम्प्रेसरला चिकटून बसवलेली छोटी टोपी. आतली दोन धातू जोडून केलेली पत्ती तापली की उलटते, टिक वाजतं. निवली की पुन्हा जुळते. काल आलेल्या मेकॅनिकने एवढा आवाज ऐकून निकाल दिला होता: कॉम्प्रेसर गेला, नवा टाका. मीटर पिशवीतच राहिला होता.

आज आलेले काका आधी सॉकेटपाशी बसतात. २२८ व्होल्ट. पण ते तिथून हलत नाहीत. कॉम्प्रेसर उठायला बघतो त्या क्षणी आकडा किती पडतो, ते त्यांना पाहायचंय. वायर बारीक असली, प्लग ढिला असला, तर तो १८०च्याही खाली जातो आणि दोष घरच्या वायरिंगचा निघतो. इथे २२१. वायरिंग ठीक आहे.

मग टाँग टेस्टर, म्हणजे चिमट्यासारखा करंट मोजायचा मीटर. त्याचा जबडा एकाच वायरीभोवती. दोन्ही वायरी एकत्र धरल्या तर आकडा शून्यच येईल. घुं झालं, ९ अँपिअर. टिक झालं, शून्य. नीट चालताना हा फ्रीझर दीड अँपिअरच्या आत असतो. करंट मोटरपर्यंत पोचतोय, मोटर फिरत नाहीये. एक तर ती जाम आहे किंवा जळलीय, नाहीतर तिला सुरुवातीचा धक्काच मिळत नाहीये.

प्लग बाहेर. काका तो डोळ्यांसमोर ठेवतात, मगच मागचं झाकण उघडतात.

(तीन पिना, जवळून.)

कॉमन, स्टार्टिंग, रनिंग. कॉमन-रनिंग १४ ओहम. कॉमन-स्टार्टिंग २२. स्टार्टिंग-रनिंग ३६. चौदा आणि बावीस छत्तीस, बेरीज जुळली. दोन्ही वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची वेटोळी, शाबूत. आता मीटरचं एक टोक पिनेवर, दुसरं पाइपचा रंग खरवडून उघड्या तांब्यावर. आकडा येत नाही, म्हणजे वाइंडिंग बॉडीला लागलेलं नाही. ही चार मापं घ्यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ती न घेता कुणाच्या घरी कॉम्प्रेसर बदलायला सांगणं हा अन्याय आहे.

राहिली रिले, मोटरला सुरुवातीचा धक्का देणारी. काका ती कानाशी हलवतात.

(खुळखुळ.)

आतली सिरॅमिकची चकती फुटलीय. गार असताना ही चकती स्टार्टिंग वाइंडिंगला करंट जाऊ देते. क्षणभरात तापते, आणि तापली की तिचा रोध इतका वाढतो की ती वाट जवळजवळ बंद होते. तोवर मोटर फिरू लागलेली असते. चांगल्या, गार रिलेवर मीटर थोडे ओहम दाखवतो. इथे काहीच नाही. पिनांवरचा हिरवट थर बघा: खारी हवा, माशांचं पाणी.

नवी रिले शे-दोनशे रुपयांची. अर्धा माल आदल्या रात्रीच टाकावा लागला होता.

(मावशी, रिकाम्या टोपल्या. निवेदन नाही.)

"लाइट गेली-आली तर लगेच चालू करू नका मावशी, पाच मिनिटं थांबा." तेवढ्यात चकती निवते, गॅसचा दाबही दोन्हीकडे सारखा होतो.

प्लग लावला. घुं… आणि टिक नाही. टाँग टेस्टरवर १.३. काका तरी उठत नाहीत. दहा मिनिटं आकड्यावर नजर, एक बोट कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या पाइपवर. पाइप तापू लागलाय, कॉम्प्रेसर काम करतोय.