सायकलसाठी न केलेल्या वाटा

(पडदा काळा. खडीवरून फिरणाऱ्या चाकांचा आवाज. मग हळूहळू उजाडतं.)

आधी हा आवाज ऐकून घ्या. चाकाखाली खडी कुरकुरते, मधूनच एखादा दगड टायरच्या कडेखालून सटकतो आणि फ्रेमवर टण्णकन आपटतो. पुढचे तीन दिवस हीच आमची पार्श्वभूमी होती. दुसरं ऐकण्यासारखं इथे फारसं काही नाही. वारा, गिधाडांच्या पंखांची सळसळ आणि लांबवर कुठेतरी मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा.

हा पूर्व स्पेनमधला तेरुएल प्रांत. मुलूख जवळपास १५ हजार चौरस किलोमीटर आणि माणसं एक लाख पस्तीस हजारांच्या आसपास. म्हणजे चौरस किलोमीटरला नऊ माणसं, आणि त्यातलीही बरीचशी शहरात. ‘रिकामा झालेला स्पेन’ म्हणतात तो हा.

ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या वाटांवरच्या, सायकलवाल्यांना असाच मुलूख हवा असतो. रेसिंग सायकलसारखं वाकडं हँडल, ४० ते ५० मिलिमीटर रुंदीचे टायर, मागेपुढे बांधलेल्या पिशव्या, आणि डांबर संपलं की खुलणारा चेहरा, ही या मंडळींची ओळख. त्यांच्यासाठी या डोंगरांत जवळपास ७०० किलोमीटरचा एक फेरा आखलेला आहे. तेरुएलमधून निघायचं, डोंगर पालथे घालायचे आणि तेरुएललाच परत यायचं. नाव ‘मोन्तान्यास वासियास’, म्हणजे रिकामे डोंगर. आम्ही त्याच मुलखातला एक छोटा तुकडा घेतला, तोही आमच्या गुडघ्यांना विचारून.

(दृश्य: सरळ रेषेत जाणारी खडीची वाट, पुढे बोगद्याचं तोंड.)

सुरुवात रेल्वेने. म्हणजे रेल्वे आता नाही, तिची वाट आहे.

या वाटेच्या उत्तरेला ओखोस नेग्रोस नावाचं गाव आहे. नावाचा अर्थ ‘काळे डोळे’. तिथे लोखंडाच्या खाणी होत्या. १९०७ मध्ये तिथून खनिज भरून गाड्या निघू लागल्या, त्या थेट भूमध्य समुद्रावरच्या सागुंतो बंदरापर्यंत. २०४ किलोमीटरची मीटर गेज लाईन, खाणवाल्यांनी स्वतःच्या पैशाने टाकलेली. गंमत अशी की तिच्या शेजारून दुसऱ्या कंपनीची मोठ्या रुळांची रेल्वे आधीच धावत होती. माल वाहून नेण्याच्या दरावरून दोघांचं फिसकटलं, आणि खाणवाल्यांनी हट्टाने आपला वेगळा संसार मांडला. आल्बेन्तोसा गावाजवळ त्या हट्टाचा पुरावा दिसतो. एकाच दरीवर दोन पूल, सख्ख्या शेजाऱ्यांसारखे. एकावरून आजही आगगाडी जाते, दुसऱ्यावरून आम्ही.

१९७२ मध्ये ही लाईन बंद पडली आणि खनिज गेलं कुठे, तर शेजारच्या मोठ्या लाईनवर. पासष्ट वर्षांनी भांडण मिटलं म्हणायचं! पुढे १९८४ मध्ये सागुंतोची पोलादाची भट्टी विझली, खाणीही गेल्या. उरली ती ही पट्टी. स्पेनमध्ये १९९३ पासून अशा बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे ‘हिरवे मार्ग’ करायला घेतले, त्यांतला हा सगळ्यांत लांब, सुमारे १६० किलोमीटरचा. जड मालगाडीला खडा चढ सोसत नाही, म्हणून इंजिनियरांनी डोंगर कापला, बोगदे काढले, पूल टाकले. त्या सगळ्याचा फायदा आता आमच्या मांड्यांना होतो.

(दृश्य: विटांचा मनोरा, खालच्या कमानीतून जाणारी सायकल.)

तेरुएल शहर. इथला मनोरा रस्त्याच्या बाजूला उभा नसतो, तो रस्त्याच्या डोक्यावर उभा असतो. खाली कमान, कमानीतून वाट, आणि वर विटांची नक्षी. त्या नक्षीत हिरव्या-पांढऱ्या चकचकीत फरशा बसवलेल्या. ही मुदेखार शैली. राज्य ख्रिस्ती राजाचं, पण विटा रचणारे हात आणि त्यांच्यातली कला इस्लामी परंपरेतली. १९८६ मध्ये युनेस्कोने या वास्तूंना जागतिक वारशात घेतलं. सायकल हातात धरून कमानीखालून गेलो, तेव्हा घंटा वाजल्या आणि त्या थेट डोक्यातच वाजल्यासारख्या वाटल्या.

याच शहरात १९३७ च्या डिसेंबरपासून १९३८ च्या फेब्रुवारीपर्यंत यादवी युद्धातली एक भीषण लढाई झाली. गोळ्यांइतकंच थंडीनेही सैनिकांना छळलं. इथली थंडी साधी नाही. जवळच्या कालामोचामध्ये १७ डिसेंबर १९६३ रोजी पारा उणे ३० अंशांवर गेला होता. आम्ही ऑक्टोबरात आलो, ते उगीच नाही.

रिकामेपणाबद्दल इथले लोक गप्प बसले असं मात्र समजू नका. प्रांताची राजधानी असून इथून माद्रिदला थेट आगगाडी नाही. अशा तक्रारी साठत गेल्या आणि १९९९ मध्ये एक नागरिक चळवळ उभी राहिली. तिचं नावच ‘तेरुएल एग्झिस्ते’. तेरुएल आहे, बरं का! २०१९ च्या नोव्हेंबरात या चळवळीचा एक उमेदवार संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आला. जानेवारी २०२० मध्ये देशाचं नवं सरकार १६७ विरुद्ध १६५ मतांनी बनलं, आणि त्या १६७ मध्ये एक मत तेरुएलच्या या माणसाचं होतं. त्या दिवशी माद्रिदला तेरुएल कुठे आहे ते शोधावं लागलं नसेल.

(दृश्य: कापणी झालेली शेतं, त्यांमधून आखल्यासारखे कच्चे रस्ते.)

शहर सोडलं की गव्हा-बार्लीची कापून झालेली शेतं. त्यांतले हे पांढरे रस्ते इतके सरळ कसे? १९५० च्या दशकापासून स्पेनमध्ये तुकड्या-तुकड्यांत विखुरलेल्या जमिनी एकत्र करून नव्याने वाटल्या गेल्या. नवीन बांध पडले आणि प्रत्येक शेतापर्यंत ट्रॅक्टर जावा म्हणून हे रस्ते आखले गेले. दिवसभरात आम्हाला ट्रॅक्टर भेटले दोन.

आणि मग पाऊस. आदल्या रात्री झालेला, सकाळी लख्ख ऊन. आम्ही खुशीत निघालो. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आमच्या सायकलींकडे बघून मान हलवली, तेव्हाच समजायला हवं होतं. तांबडी चिकणमाती पहिल्या दोनशे मीटरांत टायरला चिकटली, मग खडे चिकटले, मग गवत, आणि बघता बघता फ्रेम आणि चाक यांच्यामध्ये भेंडा बसला. चाक फिरेना. काटकीने खरवडायचं, चार पावलं ढकलायचं, पुन्हा खरवडायचं. शेवटी सायकली खांद्यावर. तीन किलोमीटरला दोन तास लागले. इथे पावसानंतर निदान अर्धा दिवस थांबावं, किंवा मुकाट्याने डांबर धरावं. सांगण्यासारखं शहाणपण एवढंच, आणि तेही चिखलात बसून मिळालेलं.

(दृश्य: डोंगराच्या कुशीतलं गुलाबी गाव, वर तटबंदी.)

आल्बारासीन. नदीने तीन बाजूंनी वळसा घातलेला कडा, त्यावर हजारेक वस्तीचं गाव आणि मागे डोंगरावर चढत गेलेली तटबंदी. अकराव्या शतकात बनू रझीन या बर्बर घराण्याचं छोटं राज्य इथे होतं, गावाचं नावही त्यांच्यावरूनच. घरांना गिलावा इथल्याच तांबूस जिप्समचा. सकाळी तो फिका गुलाबी दिसतो, संध्याकाळी विटकरी. वरचे मजले लाकडी चौकटींवर गल्लीत इतके पुढे आलेले की समोरासमोरच्या घरांनी पागोळ्याही वाटून घ्याव्यात.

जरा जवळ जाऊन एक दार बघूया. जुनं, खिळ्यांचं लाकडी दार. त्यावर ठोठावायला लोखंडी कडी आहे, पालीसारखी, किंवा छोट्या ड्रॅगनसारखी म्हणा. शेपूट वळलेली, पाठीवर छिन्नीचे खवले. हात लागून लागून पोटाकडचा भाग गुळगुळीत झालाय.

१९६१ मध्ये हे गाव राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झालं. शनिवार-रविवारी इथे गाड्यांची रांग लागते. माझं प्रामाणिक मत सांगतो, गाव देखणं आहे, पण आठवडाअखेरीला ते थोडं सजवून ठेवलेल्या देव्हाऱ्यासारखं वाटतं. मंगळवारी सकाळी या.

गावाबाहेर रोदेनो, म्हणजे लाल वालुकाश्म आणि त्यात उगवलेलं पाइनचं रान. या खडकांच्या आडोशाला हजारो वर्षांपूर्वी माणसाने बैल आणि शिकारी रंगवले. ग्रॅव्हलसाठी ही वाट म्हणजे मेजवानी. खाली पाइनच्या सुयांची गादी, खडी फक्त तोंडी लावायला.

मेजवानीवरून आठवलं, जेवणाचं. हा भाग हॅमसाठी प्रसिद्ध. पण आमच्यातल्या शाकाहारी गड्याला तारलं ते ‘मिगास’ने. शिळ्या पावाचा चुरा, ऑलिव्ह तेलात लसणावर परतलेला. मेंढपाळांचं खाणं. आपल्या फोडणीच्या पोळीचा लांबचा भाऊच! अर्थात त्यातही सॉसेजचे तुकडे घालतात, ते आधी सांगून वगळावे लागतात. आणि एक, दुपारी दोननंतर दुकान उघडं सापडेल अशी आशा धरू नका.

(दृश्य: उंच कुरण. थंड सावली. हरणाची घोगरी हाक.)

फ्रीआस गावाच्या नावातच गारवा आहे. त्याच्या हद्दीत, सुमारे १६०० मीटर उंचीवर, ताखो नदी उगम पावते. इंग्रजी नकाशावर आपण जिला टेगस म्हणतो, तीच. इथून १००७ किलोमीटर वाहत ती लिस्बनला अटलांटिकमध्ये मिळते. इथे मात्र ती उडी मारून ओलांडता येते. मी दोनदा ओलांडली. आणि त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाचं पाणी ग्वादालावियार नदीतून वालेन्सियाकडे, भूमध्य समुद्रात जातं. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस कुठल्या बाजूला जाणार, हे कुतूहल आपल्याकडच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

रानातून येणारी घोगरी डरकाळी वाघाची नव्हे, तांबड्या नर हरणाची आहे. शरद ऋतूत माद्यांसाठी त्यांची अशी ओरड चालते. तंबूत झोपणाऱ्याला रात्रभर ऐकावी लागते.

(दृश्य: रुंद गवताळ पट्टा. मेंढरं.)

या वाटेची रुंदी बघा. एवढ्या दोन सायकलींसाठी पंचाहत्तर मीटर! ही ‘कान्यादा’, मेंढरांची राजवाट. १२७३ मध्ये कास्तिल या स्पॅनिश राज्याचा राजा दहावा आल्फोन्सो याने मेंढपाळांच्या संघटनेला, म्हणजे ‘मेस्ता’ला, सनद दिली. मुख्य वाटेची रुंदी ९० ‘वारा’ (हे जुनं स्पॅनिश माप) ठरली, म्हणजे आजचे पंचाहत्तर मीटर. उन्हाळ्यात कळप या डोंगरांत, हिवाळ्यात दक्षिणेच्या उबदार कुरणांत. सगळा खटाटोप मेरिनो लोकरीसाठी. आज आमच्या अंगात आहे तो सायकलिंगचा महागडा टीशर्ट कशाचा, तर मेरिनोचा. मेंढरांनी तो ओळखला असावा, कारण त्यांनी वाट सोडली नाही.

सोडायची गरजही नव्हती. १९९५ चा कायदा या वाटांवर पायी, घोड्यावर किंवा सायकलवर जायला मुभा देतो, पण पहिला हक्क जनावरांचा. आम्ही उतरलो, सायकली आडव्या केल्या. कळपाचा मोठा कुत्रा येऊन माझ्या चाकाचा वास घेऊन गेला. मेंढपाळाने काठी थोडी वर केली, एवढीच ओळख.

ग्वादालावियार गावात या फिरस्त्या मेंढपाळीचं एक संग्रहालय आहे. पण सगळंच अजून काचेआड गेलेलं नाही. या डोंगरांतली काही कुटुंबं आजही थंडी सुरू झाली की कळप घेऊन चालत दक्षिणेतल्या आन्दालुसियाच्या बाजूला निघतात.

(दृश्य: सकाळ. छोटं खेडं. दगडी कारंज्यावर बाटल्या भरणारे सायकलस्वार.)

तिसरा दिवस. रस्त्यात लागलेलं एक खेडं. बंद खिडक्या मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. कारंज्याचं पाणी दात शिवशिवतील इतकं गार. तेवढ्यात वळणावरून हॉर्न ऐकू आला, लांबलचक, थांबून थांबून. पांढरी व्हॅन चौकात येऊन उभी राहिली, मागचं दार उघडलं आणि ताज्या पावाचा वास गल्लीभर पसरला.

एक दार उघडलं. मग वरच्या अंगाला दुसरं. चपला ओढत एक आजी आल्या, त्यांच्यामागे काठी टेकत एक आजोबा, मग स्वयंपाकाचा एप्रन बांधलेल्या आणखी एक बाई. पाच जणं झाली. आम्ही रांगेत शेवटी उभे राहिलो. पाववाल्याने आमच्याकडे बघितलं, मग ट्रेमध्ये उरलेल्या पावांकडे, आणि मनाशी काहीतरी मोजलं. वरच्या गावासाठी चार पाव बाजूला काढून ठेवले आणि राहिलेला एक आम्हाला दिला.

व्हॅन हॉर्न वाजवत वर गेली. आम्ही पाव मोडून खाल्ला, बाटल्या भरल्या आणि तिच्याच धुळीमागून निघालो.